जुन्या कार्डाची बाजू

नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलेला माणूस मी लांबून ओळखते. कल्याणला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. खोकं असं धरून येतात की आत जणू तान्हं बाळच झोपलंय. "मॅडम, जुन्यापेक्षा तिप्पट फास्ट आहे." कोण म्हणालं? तर व्हिडिओतला कोणीतरी, ज्याच्या पाठीमागे जांभळे दिवे लावलेले असतात. आणि तिप्पट फास्ट घेऊन करणार काय, तर गेममध्ये मोटारी पळवणार नि एकमेकांना गोळ्या घालणार. मरा मेल्यांनो! जुन्या कार्डाच्या पंख्यातली धूळ काढली, आतली वाळलेली पेस्ट बदलली, की ते अजून चार वर्षं सहज ओढतं. पण नाही. खोक्यावर ड्रॅगन पाहिजे.

माझा सख्खा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच निघाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

तो आईबरोबर कोपरला राहतो. ठाण्यात एका ऑफिसात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून बिल्डरांसाठी फिल्म बनवायचा. बाळकुमला अजून खड्डासुद्धा नीट खणलेला नसतो आणि याच्या स्क्रीनवर चोविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत बाई कॉफी पीत उभी असते. तसल्या फिल्म. मी हसायचे. पण एका बिल्डरला त्या आवडल्या, आणि सात टॉवरच्या सगळ्या फिल्मचं काम त्याने याला देऊ केलं. ते घेतलं असतं तर नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करता आलं असतं. कॉलेजपासून त्याला तेच तर करायचं होतं. प्रश्न एवढाच होता, की घरातल्या एका मशीनवर एवढं काम वेळेत निघेल का?

त्या मशीनमध्ये मी दिलेलं कार्ड होतं. जुनं, पण एकदाही न रडलेलं. आणि याने मला न विचारता नवीन आणलं. बहीण बाजारात दुकान थाटून बसलीय, तिला एक फोन नाही! मला ते लागलं. खोटं कशाला बोलू?

आणल्यावर मात्र फोन आला. "ताई, रविवारी येशील का? दोन्ही कार्डं तूच तपास. निम्म्या वेळात झालं तर काम घेतो, नाहीतर नाही म्हणून टाकतो. तू सांगशील तसं."

रविवारी गेले. तोच कॉम्प्युटर, तीच अर्ध्या मिनिटाची फिल्म, ती पूर्ण तयार करून द्यायला किती वेळ लागतो ते बघायचं. सकाळी जुनं कार्ड लावलं, एक्केचाळीस मिनिटं लागली. मग नवीन बसवलं. विटेएवढं जाड, तीन तीन पंखे, आणि वर दिव्यांची आरास. गणपती बसवायचाय की फिल्म काढायचीय, मी विचारलं. फिल्म सुरू केली आणि आईने जेवायला हाक मारली.

आमच्या आईचं एक आहे. घरात नवीन वस्तू आली की आठवड्याच्या आत तिला कव्हर. फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, रिमोटलासुद्धा आहे. कॉम्प्युटरला तिने रेक्झिनचं शिवलेलं, आतून अस्तर, खाली झालर, वायरींसाठी मागे फट. समोरची बिल्डिंग पाडायला घेतलेली, धूळ नुसती घरात. भात वाढता वाढता ती मध्येच उठून आत जाऊन आली, ते मी पाहिलं.

जेवण झाल्यावर भाऊ ताटं घासायला बसला आणि मी एकटी आत गेले. कॉम्प्युटरवर कव्हर चढवलेलं. स्क्रीनवर आकडा आलेला, छत्तीस मिनिटं. मी कव्हर काढलं, हाताला चांगलं गरम लागलं. घडी करून पलंगावर ठेवलं आणि ओरडले, "ये रे बाबा, बघ तुझं तिप्पट!"

तो ओल्या हातानेच आला. आकडा बघून त्याचं तोंड एवढंसं झालं. "अजून एकदा चालवूया का?"

"कशाला? तुला पाहिजे तो आकडा येईपर्यंत? पाच मिनिटं वाचवायला एवढा थाट केलास? लाव फोन त्या बिल्डरला. आत्ता, माझ्यासमोर लाव."

त्याने लावला. "नाही जमणार सर," एवढंच म्हणाला. मला बरं वाटलं. खरंच, छान वाटलं. आईने केलेली खीर मी दोनदा मागून घेतली.

कार्ड तापलं की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतं. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते, वर अक्कलही काढते त्यांची. कार्ड किती तापलंय ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतं, एक नजर टाकायची फक्त. मी टाकली नाही. दुसऱ्यांदा चालवूही दिलं नाही. जुनं कार्ड माझं होतं, आणि आकडा माझ्या बाजूने आलेला.

भाऊ ठाण्याच्या ऑफिसात जात राहिला. चार-पाच महिन्यांनी त्याच बिल्डरच्या टॉवरची फिल्म माझ्या मोबाईलवर आली, दुसऱ्या कोणीतरी केलेली. त्यातही बाई होतीच बाल्कनीत, पण कप हाताच्या वीतभर वर तरंगत होता. असलं फालतू काम! याने केलं असतं तर असं झालं नसतं. ती फिल्म मी तीनदा बघितली, मग दुकान लवकर बंद करून कोपरला गेले.

तो नुकताच ऑफिसमधून आलेला, बूटसुद्धा काढले नव्हते. मी सगळं सांगून टाकलं. छत्तीस मिनिटं खोटी होती, कव्हर होतं वर.

"माहितीये," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी परत चालवलेलं मी. तेरा मिनिटं लागली."

"अरे मग बोलला का नाहीस? बिल्डरला परत फोन तरी करायचास!"

"केलेला. त्यांनी तोपर्यंत दुसऱ्याला दिलेलं." त्याने एक बूट काढला. "तुला कधी कळलं?"

काल कळलं, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "कव्हर काढलं तेव्हाच."

दुसरा बूट त्याच्या पायातच राहिला.

"मला वाटलं तुला कळलंच नाही," तो म्हणाला. "म्हणून तर इतके दिवस बोललो नाही, ताई. तुला वाईट वाटेल म्हणून."