गोंदण दिसेल अशी फिल्म

कॅमेऱ्याच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. फिल्मच्या रोलवर फोटो काढणारी बाई नांदेडात मी एकटी आणि लातूरला माझी मैत्रीण. तिसरी कुणी असेल तर तिनं येऊन भेटावं, चहा पाजते. "बाईमाणसाला एवढा जड कॅमेरा झेपतो का हो?" असं कुणी विचारलं की मी कॅमेराच त्याच्या गळ्यात अडकवते. थोड्या वेळानं गडी स्वतःच मान चोळत परत देतो.

मैत्रिणीच्या घरी आजोबांपासून स्टुडिओ. लग्नाची कामं ती डिजिटलवर करते, पण जीव अडकलाय तो रोलच्या कॅमेऱ्यात. आणि तिथंच आमचं भांडण. माझा कॅमेरा दोन भिंगांचा. पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. चित्र चौकोनी येतं. समोरच्याला वाटतं, बाई आपल्याकडं बघतच नाही, आणि तो सैल बसतो. तिचा म्हणजे नुसतं धूड. बटण दाबलं की आतला आरसा असा आपटतो की शेजारी विचारतील, काय पडलं?

"निगेटिव्ह मोठी मिळते ना पण," ती म्हणते.

"मिळते. आणि त्यात माणूस दचकलेला मिळतो."

फिल्मवरूनही तेच. मला मंद, भरपूर उजेड मागणारी, बारीक दाण्याची आवडते, तिला जलद, कमी उजेडात भागणारी आणि भरड. "तुझी फिल्म म्हणजे मैदा, बये. आपली ज्वारी आहे, ज्वारी!" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी काही हार मानत नाही, तीही मानत नाही.

भोकरजवळच्या गावात माझी आत्या राहते. एक दिवस तिचा फोन आला. "पोरी, माझा भितीवर लावायचा फोटू काढून ठेव."

आमच्याकडं माणूस गेल्यावर फोटोची शोधाशोध सुरू होते. मग कुठल्या तरी लग्नाच्या घोळक्यातलं तोंड कापून मोठं करतात, आणि हार घातलेला तो धूसर माणूस नेमका कोण, हे घरच्यांनाही सांगावं लागतं. आत्याला ते नको होतं. तिच्या मधल्या खोलीत मामांचा फोटो आहे. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. फेटा, बंद गळ्याचा कोट, काळापांढरा, चौकोनी. मामा भर तारुण्यात गेले. त्यांच्याशेजारी शोभेल असाच फोटो हवा, ही तिची एक अट. दुसरी अट तिनं मी गेल्यावर समोर बसवून सांगितली.

"माझं कपाळ रिकामं दिसू ने."

कपाळावर तिचं गोंदण होतं. लहानपणी माहेरच्या ओसरीवर गोंदवलेला एक गोल ठिपका. हिरवा-निळा, आता पार विटलेला. ती बोलत होती आणि बोटानं तोच चाचपत होती. "ते गेले तवा कुकू पुसलं, बांगड्या फोडल्या, डोरलं काढून घेतलं. ह्ये मातर कुणाला काढता आलं न्हाई. येवढंच ऱ्हायलंय बघ."

आत्यासमोर रडायची सोय नाही, ती रागावते. म्हणून मी विचारलं, "मोबाइलवर काढलाच असेल की पोरांनी?"

"काढला. त्या फोनला काय अक्कल हाय? मुरूम समजून पुसून टाकलं त्यानं."

खरंच होतं. फोननं चेहरा असा गुळगुळीत केला होता की गोंदण डाग म्हणून साफ गेलं होतं. नातू म्हणाला होता, कम्प्युटरवर नवा ठिपका काढून देतो. आत्या भडकली. "काढलेला कशाला? हाय त्यो दिसू दे की!"

मला वाटलं, हे तर माझ्या डाव्या हातचं काम. जुन्या फोटोशेजारी लावायचा ना? मग जुन्या जातीचीच फिल्म. बाजारात अजून एक मिळते, जिला लाल रंग दिसतच नाही. तिच्यावर सावळा चेहरा गडद येतो, सुरकुत्या नांगरटीसारख्या उठून दिसतात. मी आत्याला अंगणात सावलीत बसवलं आणि अख्खा रोल संपवला. नांदेडला येऊन न्हाणीघरात धुतला. उन्हाळ्यात आमच्या टाकीचं पाणी चहाला ठेवल्यासारखं गरम येतं, म्हणून रसायनाचं भांडं रसवंतीवाल्याकडच्या बर्फात ठेवावं लागतं. निगेटिव्ह सुरेख आल्या. प्रिंट तर अशी, की प्रदर्शनात लावावी.

आत्यानं ती हातात घेतली, उजेडाकडं वळवली, जवळ नेली, लांब नेली.

"चांगली हाय," म्हणाली. "पर कपाळ रिकामंच हाय."

मी बघितलं. ठिपका नव्हता! कातडी काळवंडली होती आणि गोंदण त्यात बुडून गेलं होतं. आत्यानं फोटो पालथा करून बाजेवर ठेवला आणि शेळीला पाणी दाखवायला उठली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लातूरला फोन लावला. मैत्रीण आधी पोटभर हसली. "अक्कल गहाण ठेवलीस का गं? लाल कुंकू असतं तर त्या फिल्मवर काळं कुळकुळीत आलं असतं. गोंदण हिरवं-निळं. त्याला उलटं पाहिजे! साधी फिल्म भर, भिंगावर लाल काच लाव. कातडी उजळेल, गोंदण काळं पडेल."

"ते मला कळतं."

"कळतं तर फोन कशाला केलास?"

मग तीच आत्याच्या गावी यायला निघाली. येताना लाल काच घेऊन आली, आणि काचेबरोबर ते धूडही. लाल काच उजेड खाते, म्हणून फिल्म तिची भरडच घ्यावी लागली. पण कॅमेरा माझाच, चौकोनी, यावर मी अडून बसले. ज्वारी तिची, चूल माझी. आत्यानं डोक्यावरचा पदर कपाळाच्या कडेपर्यंत ओढला आणि मामांच्या फोटोकडं तोंड करून बसली. मी म्हटलं, आत्या, इकडं बघ. तर म्हणते, "तू तुजं काम कर. मी बघते कुठं बघायचं ते." तसाच काढला.

ती प्रिंट मात्र बघतच राहावी अशी झाली. लाल काचेनं चेहरा उजळला, बारीक सुरकुत्या खाऊन टाकल्या. पांढरे केस पदराखाली होतेच. आणि कपाळावर मधोमध काळाभोर, गोल ठिपका.

आत्यानं तो किती वेळ पाहिला, देव जाणे. मग पोराला हाक मारली. "खिळा ठोक. ह्यांच्या शेजारी."

पोरगा बिचकला. जित्या माणसाचा फोटो गेलेल्याच्या शेजारी लावत नाहीत, अपशकुन असतो.

"मेल्यावर मला दिसणार हाय का? ठोक म्हणते ना!"

ठोकला.

यंदा नातवाचं लग्न झालं. पूजेच्या दिवशी आम्ही दोघी मैत्रिणी गेलो होतो. नवी नातसून मधल्या खोलीत हातात पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीसमोर थांबली. म्हणाली, "आजी, हा फोटो आजोबा होते तेव्हाचा ना? कुंकू किती ठसठशीत दिसतंय."

माझं तोंड उघडलंच होतं. फोटोबद्दल कुणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही. अगं, ते गोंदण आहे. खरं कुंकू असतं तर त्या लाल काचेतून नाहीसंच झालं असतं. मैत्रिणीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळले.

मी आत्याकडं पाहिलं. भाजीतल्या मिठापासून भटजींच्या मंत्रापर्यंत सगळ्यांच्या चुका काढणारी माझी आत्या. तिनं पदर नीट केला आणि भिंतीकडं बघितलं.

"हाव," म्हणाली. "ते होते तवाचा."