मायचा फोटो, साहेबाचं नाव

लॉजवाल्या साहेबानं मी काढलेला फोटो चोरला आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

मी पोंभुर्ण्याकडचा ढिवर. तलावाची मासळी पर्यटकांच्या लॉजवर पोचवतो. आधी सायकलवर, आता स्वतःच्या टेम्पोनं. सौद्यात मला कुणी गंडवत नाही, अशी घमेंड होती.

त्या सकाळी मासळी उतरवून काउंटरपाशी उभा होतो. टीव्हीवर लॉजचं इंटरनेटवरचं पान चालू होतं. त्यात माझी माय. कमरेपर्यंत पाण्यात, हातात जाळं. मीच काढून गावच्या ग्रुपवर टाकलेला फोटो. साहेबही त्या ग्रुपात. वर लिहिलेलं, ‘आदिम जीवन’. माझी माय मच्छीमार सोसायटीची सभासद आहे. सही करते.

“साहेब, हा फोटो मी काढला.”

पर्यटक वळून पाहू लागले. साहेब हसला. “तू? दाखव मोबाइल.”

दिला. तो माझ्या बायकोचे, पोरीचे फोटो एकेक सरकवत गेला. चोराची झडती घ्यावी तसा. मायचा सापडल्यावर मोबाइल परत केला. “मग काय झालं? ग्रुपवर टाकलास, सगळ्यांचा झाला. तुम्ही तलाव खुला करता ना, तसं.”

सोसायटीची मासेमारी संपली की आम्ही तलाव खुला करतो. मग कुणीही उतरावं, हाती लागेल ते न्यावं. साहेबानं एवढंच पाहिलं होतं.

“आमी दवंडी देतो, साहेब. दवंडी नाई तं कोनी पाय नाई टाकत. या फोटोची दवंडी कोनं देल्ली?”

“चिडू नकोस. आज इथंच जेवून जा. मागच्या बाजूला.”

मागच्या बाजूला. मी टेम्पो चालू केला.

गोंडपिपरीच्या वकीलबाईंना विचारलं. “भाऊ, ज्यानं काढला, फोटो त्याचा. ग्रुपवर टाकल्यानं हक्क जात नाही. वापरायचा तर तुमची परवानगी घ्यायला पाहिजे होती.”

छाती फुगवून घरी आलो. माय जाळं सांधत होती. सगळं ऐकून घेतलं. मान वर न करता म्हणाली, “अन् तुनं मले इचारलं व्हतं काय? वलं लुगडं व्हतं माह्यं. साऱ्या गावानं पाह्यलं.”

ग्रुपवरून फोटो काढायला गेलो. सगळ्यांकडून पुसला जाईना, फार दिवस झाले होते. तेव्हा लिहिलं, ‘मायचा फोटो कोणी ठेवू नका, पुढे पाठवू नका. तिला न विचारता टाकला. चूक माझी.’

तेव्हापासून कुणी आमच्याकडे मोबाइल रोखला की मी आधी विचारतो, कशाला? हसून बोलणाऱ्याला दोनदा विचारतो.

लॉजची मासळी बंद केली. वकीलबाईंकडून पत्र पाठवलं. साहेबाचा फोन आला, “कितीत मिटवतोस?”

आयुष्यभर सौदे केले. हा केला नाही. फोटो आजही त्या पानावर आहे.

साहेब, फोटो उतरवा. मग आमच्या अंगणात या, मायसमोर उभे राहा आणि सांगा, तिला आदिम ठरवायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? माफी नको. उत्तर पाहिजे.