भागीदाराची सागवानी खुर्ची

उत्तमराव गावंडे यांना अकोल्यात कोणी चांगलं म्हणत नसे, आणि म्हणावं असं ते वागतही नसत. सकाळी ते दारात उभे दिसले की समोरचा किराणावाला मान खाली घालून तराजू पुसायला लागे. नमस्कार केला तर उत्तर मिळत नसे, नाही केला तर ते आठवडाभर लक्षात ठेवत. त्यांची बायको पार्बताबाई मोठी सोशिक, पण तीही शेजारणींना सांगे, "आमच्या घरचा मानूस कडूलिंबाच्या काडीनं दात घासते नं, त्याचा कडूपना रातवरी उतरत नाई."

हा कडूपणा सगळाच काही जन्माचा नव्हता. अंजनगाव सुर्जीहून आलेला हा गडी एका मोठ्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत कारकून म्हणून लागला आणि दहा वर्षांत मॅनेजर झाला. मालक मुंबईत. वऱ्हाडातला कापूस कसा दिसतो हे मालकाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती, कारण उत्तमराव होते. दिवाळीपासून होळीपर्यंत फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागे. गाडीत वर चांगला कापूस पसरून खाली ओला, कवडीचा कापूस दडवायची रीत त्यांना पाठ होती. ते कोपरापर्यंत हात खुपसत, गाडीच्या पोटातला मूठभर कापूस ओढून काढत आणि लबाडी सापडली की भर फाटकात त्या माणसाची शोभा करत. माणसाची परीक्षा आतून हात घालूनच करायची, हे तत्त्वज्ञान त्यांनी तिथेच कमावलं.

एकोणीसशे पंचावन्न साली मालकाचा जावई मुंबईहून आला. एके सकाळी उत्तमराव ऑफिसात शिरले तर त्यांच्या खुर्चीत जावई. दुसरी खुर्ची भिंतीशी होती, तिच्यावर जावयाची टोपी. उत्तमराव टोपी उचलायला वळले तेव्हा जावई म्हणाला, "राहू द्या. उभ्यानेच सांगा, मला फार वेळ नाही."

वीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस सात मिनिटं उभ्याने बोलला, आणि आठव्या मिनिटाला राजीनामा लिहून बाहेर पडला. घरी येऊन पार्बताबाईला त्यांनी एवढंच सांगितलं, की यापुढे आपल्याला खुर्चीवरून उठवणारा माणूस जन्माला यायचा आहे. उरलेलं आयुष्य त्यांनी या एका वाक्यावर काढलं.

अंजनगावचं शेत विकलं, साठवलेलं काढलं आणि ते दुसऱ्यांच्या धंद्यात पैसा घालू लागले. व्याजानं नाही. व्याज घेणारा दाराबाहेर उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पाती हवी असे, म्हणजे धंद्यात हिस्सा, आणि त्या धंद्याच्या जागेत बसायला स्वतःची खुर्ची. लोकांना हा प्रकार समजेना. "सावकार परवडला, व्याज घेऊन घरी तरी जाते. हा तं घरातच येऊन बसते," असं बाजारात बोललं जाई.

पहिला पैसा त्यांनी अमरावतीत सूर्यभान नावाच्या माणसाच्या बर्फाच्या कारखान्यात घातला. अर्धा आधी, अर्धा नंतर असं ठरलं होतं. मध्ये उत्तमरावांना टायफॉइड झाला आणि दुसरा अर्धा तीन महिने उशिरा पोचला. तोवर सूर्यभाननं सासऱ्याच्या हातापाया पडून, जुनं यंत्र दुरुस्त करून कारखाना उभा केला होता. उत्तमराव खाटेवरून उठले ते हा धडा घेऊनच, की माणसाला अडवलं तरच तो धावतो. आपला ताप दुसऱ्याच्या कामी आला असं समजणारा असा दुसरा माणूस वऱ्हाडात नसेल.

अठ्ठावन्नच्या डिसेंबरात ते वरूडला किसनराव या संत्र्याच्या बागायतदाराकडे गेले. बाग पाहून म्हणाले, "किसनराव, बाग मेली तुमची." झाडांची पानं पिवळी पडून गळत होती, जमीन भेगाळली होती. किसनराव हसले. "मेली नाई, ताण देल्ला हाय तिले. दीड महिना पानी तोडलं. आता जानेवारीत पानी सोडतो, मंग पहा कसा बहार येते. झाडाले वाटलं पाह्यजे का आपन मरतो. तवा ते फुलते."

उत्तमराव टाळी वाजवणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा हात मांडीवर पडला. आपण इतके दिवस जे करत होतो त्याला नाव आहे तर! किसनराव पुढे सांगतच होते, "पन याच्यात एक हाय, भाऊ..." तेवढ्यात अमरावतीच्या एसटीचा हॉर्न वाजला आणि उत्तमराव निघाले. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊनच ते गाडीत बसले.

त्याच हिवाळ्यात देवमन त्यांच्याकडे आला. देवमन जिनमध्ये सुतारकाम करायचा. उत्तमरावांच्याच हाताखाली नऊ वर्षं. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं धम्मदीक्षा घेतली आणि परत आल्यावर कोणासमोर पाठ वाकवून बोलायचं सोडून दिलं. उत्तमरावांना ते खुपलं होतं, पण त्याच्या हाताची सफाई त्यांना माहीत होती. देवमनला वरूडला संत्र्यांच्या पेट्यांचा कारखाना काढायचा होता. उत्तमरावांनी त्याच्या बेतात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. आत काही ओलं लागलं नाही.

चार हजार ठरले. दोन आता, दोन पोळ्याला. निम्मी पाती. देवमन आणि त्याची बायको भागीरथा वरूडला गेले, भाड्याच्या जागेवर छप्पर घातलं, करवती घेतल्या, सहा माणसं लावली. उत्तमरावांचा पहिला हुकूम गेला तो ऑफिसचा. फळ्यांची एक खोली, सागवानी टेबल आणि हातांची सागवानी खुर्ची. खुर्ची देवमननं स्वतः घडवली. तिच्या पाठीवर पेंटरकडून अक्षरं काढून घेतली गेली: उत्तमराव गावंडे, भागीदार. उत्तमराव मेमध्ये जाऊन तिच्यावर तासभर बसून आले, एक शब्द न बोलता. इतके खूश ते कधी झाले नव्हते.

पोळा आला आणि गेला. पैसे गेले नाहीत.

भादव्यात देवमन आणि भागीरथा दोघं अकोल्याला आले. उत्तमराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. ओसरीवर तेवढी एकच खुर्ची असे, दुसरी ते ठेवू देत नसत. पार्बताबाई सतरंजी घेऊन बाहेर आली, तर त्यांनी तिला डोळ्यांनीच आत पाठवलं. दोघं उभीच राहिली.

देवमन म्हणाला, "साहेब, सोमवारी परतवाड्याच्या डेपोत सालईच्या लाकडाचा लिलाव हाय. किसनरावाले दसऱ्याच्या आंदी शंभर पेट्या द्याच्या हायेत. त्या देल्ल्या तर हंगामाचं सारं काम आपल्याले भेटते. नाई देल्ल्या तं नागपूरच्या व्यापाऱ्याले जाते."

"माहीत हाय मले."

"मंग पैसे?"

"भेटतीन. ताण देऊन राह्यलो तुले. तुह्या अंगात किती दम हाय ते पाहून राह्यलो."

मग भागीरथा बोलली. तिचं माहेर वरूडच्या बागांत राबणाऱ्या मजुरांचं. "साहेब, ताण पाच-सहा वर्षांच्या झाडाले देतात. पयल्या सालच्या कलमाले ताण देल्ला तं ते फुलत नाई, मरते. लेकराले बी समजते हे वरुडात."

किसनरावांनी एसटीच्या हॉर्नआधी सांगायला घेतलं होतं ते हेच. उत्तमरावांना ते तत्काळ पटलं, आणि एका बाईच्या तोंडून, तेही या बाईच्या तोंडून पटलं म्हणून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या क्षणी आत जाऊन पैशांची पेटी उघडली असती तर सगळंच निभावलं असतं. पण सुंभ जळतो, पीळ जळत नाही. ते म्हणाले, "शिकवू नोको मले. जा आता."

दोघं पायरी उतरली. पार्बताबाई आतून म्हणाली, "पानी तरी पेऊ द्याचं होतं." तिच्यावर ते खेकसले.

पुढचे पंधरा दिवस उत्तमरावांना जेवण गोड लागलं नाही. बाई बरोबर बोलली होती, हे पोटात खुपत होतं. शेवटी दसऱ्याला चार दिवस असताना त्यांनी दोन हजार कमरेला बांधले आणि वरूडची वाट धरली. कारखाना मेला असेल, देवमन पायाशी येईल, आपण दोन शब्द सुनावू आणि मग पैसे काढू, असं त्यांनी एसटीत मनाशी घोळवलं.

छपराखाली हातोड्यांचा आवाज दणाणत होता. एका बाजूला पेट्यांची रांग लागली होती. किसनराव स्वतः उभे राहून मोजून घेत होते. उत्तमराव तडक आपल्या ऑफिसकडे वळले, तर तिथे खोली नव्हती. जमिनीवर खांबांचे चार खड्डे तेवढे होते.

"खोली कोठी गेली?" ते ओरडले.

देवमननं खिळा ठोकून पुरा केला. मग म्हणाला, "पेट्यांत. तुमची खोली, टेबल, आमच्या घरचं दार, आमची खाट. शंभर भरल्या. किसनरावांनी रोख देल्ले, त्या पैशाचं लाकूड उद्या येऊन राह्यलं."

"आन खुर्ची?"

उत्तर भागीरथेनं दिलं. तिनं समोरची पेटी पायानं फिरवली. एका बाजूच्या पट्टीवर पेंटरच्या अक्षरांतलं 'गावंडे, भागी' एवढं शिल्लक होतं. "संत्र्यासंग नाव दिल्लीले चाललं साहेब तुमचं," ती म्हणाली. मजूर हसले. किसनरावांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

उत्तमरावांनी कमरेचे पैसे काढले. देवमननं मान हलवली. "आता नाई लागत. तुमी दोन हजार देल्ले, त्याची पाती तुमची. चौथा हिस्सा. कागदावर लेहून देतो. दर उन्हाळ्यात हिशेब आनून देईन, पैसा न पैसा. पन बसाले जागा नाई इथं."

उत्तमराव संतापून म्हणाले, "म्हंजे मी उभ्यानंच बोलू तुह्यासंग?"

देवमननं पुढचा खिळा उचलला. "अकोल्यात मी उभ्यानंच बोललो होतो."

त्या हातोड्यांच्या आवाजात उत्तमरावांना वीस वर्षांचं ऑफिस दिसलं, भिंतीशी ठेवलेली खुर्ची दिसली आणि तिच्यावरची टोपी. आपण तो जावई झालो, हे त्यांना कळलं. पैसे त्यांनी पुन्हा कमरेला बांधले, आणि ते परत फिरले.

यानंतर उत्तमराव सुधारले असं कोणी म्हणू नये. त्यांनी आणखी तीन धंद्यांत पैसा घातला, आणि प्रत्येक वेळी सगळा एकदम दिला. शिव्या मात्र हप्त्याहप्त्यानं दिल्या. फरक पडला तो एकच. त्यांच्या ओसरीवर दुसरी खुर्ची आली. सागवानी, हातांची. ती कोणासाठी आहे हे पार्बताबाईनं विचारलं नाही, पण दर उन्हाळ्यात देवमन यायच्या दिवशी ती पदरानं पुसून ठेवी.

देवमन नऊ वर्षं आला. चौथ्या हिश्शाचा हिशेब त्यानं एकदाही चुकवला नाही की लांबवला नाही. पहिल्या वर्षी उत्तमरावांनी हनुवटीनं खुर्ची दाखवली. चौथ्या वर्षी "बस" म्हणाले. अडुसष्टच्या उन्हाळ्यात, दमा वाढून बोलणं तुटत होतं तेव्हा, त्यांनी "बसा, देवमनराव" म्हटलं. आयुष्यात कोणाला त्यांनी असं म्हटलं नव्हतं.

देवमननं खुर्चीकडे पाहिलं, चष्मा लावला आणि उभ्यानंच हिशेब वाचायला सुरुवात केली.