हरवलेला की चुकलेला

वारंगा फाट्यावरच्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात त्या रविवारी संदेश द्यायला बाहेरचे पाहुणे आले होते. ते इंग्रजीत बोलणार आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून त्यांचं बोलणं मराठीत सांगायला मला उभं केलं. चारचौघांत मी बोलत नाही. पण नाही म्हणायलाही बोलावंच लागलं असतं.

विषय निघाला बायबलमधल्या, बापाला सोडून गेलेल्या मुलाच्या दृष्टांताचा. आमच्या घरात तो बरेच दिवस कुणी वाचला नव्हता. दादाने कॉलेज सोडलं होतं आणि घरी तो परीक्षांच्या गप्पा मारत राहिला होता. खोटं उघडं पडलं तेव्हा पप्पांनी त्याला तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं. तो नांदेडला एका दुकानात लागला. माझा फोन घ्यायचा, पण पप्पांनी बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणायचा. पप्पा बोलावतील याची मी आशा सोडली होती.

पाहुणे सांगत होते, मुलगा घरातून निघाला तेव्हाच त्याला परत आणायचं बापाच्या मनात होतं. देवाची क्षमा आपल्या पश्चात्तापाच्या आधीपासून वाटेवर उभी असते. मी सांगत गेले: हरवलेला मुलगा, हरवलेला मुलगा.

पुढे बसलेल्या पाळकीणबाईंना, म्हणजे आमच्या पाद्र्यांच्या पत्नीला, राहवलं नाही. "हरवायला ती काय छत्री हाय? लेकरू चुकतं, बाई."

सगळे हसले. मीही हसत म्हणाले, "चुकलेला मुलगा," आणि माझाच आवाज मला वेगळा वाटला. वाट चुकलेला आणि चूक केलेला, दोन्ही त्या एका शब्दात होते. लोक का हसले, असं पाहुण्यांनी विचारलं. मला ते इंग्रजीत सांगता येईना. दाराजवळ पप्पा मान खाली घालून बसले होते. ते हसले नव्हते.

उपासना संपल्यावर बाहेर चपला घालताना ते म्हणाले, "फोन लाव त्याला."

मी लावून दिला. रस्त्यावरून ट्रक जात होते, म्हणून पप्पा मोठ्याने बोलले.

"चुकलास तं चुकलास. घरची वाट काहून चुकून राहिलास?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मी ऐकलं नाही. पप्पांनी फोन परत दिला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी न पाहिल्यासारखं केलं. आमच्या घरात ती रीतच आहे.

पुढच्या रविवारी दादा फाट्यावर उतरला. पप्पांचा गुडघा दुखतो, पायरी उतरतानाही ते माझा खांदा धरतात. त्या दिवशी एस.टी. थांबायच्या आत ते माझा खांदा सोडून पुढे गेले होते.

तेव्हापासून प्रार्थनेत देवाचे आभार मी इंग्रजीऐवजी मराठीत मानते. पाळकीणबाईंचं नावही त्यात घेते, मनातल्या मनात.