बंद बटणावर चाललेला लॅपटॉप

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं… आमच्या घरात यातलं काही चालत नाही. आम्ही बौद्ध, मूळचे कोकणातले, राहायला कोपरखैरण्यात. माझे सासरे, अप्पा, तर सोसायटीत कुणी दाराला लिंबू-मिरची टांगली तरी जिना चढून त्याचं डोकं खायला जायचे. त्यामुळे त्यांच्याच लॅपटॉपबद्दल असं काही लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतंय. पण घडलं ते घडलं — आणि तेही रविवारी भर दुपारी.

अप्पा तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. रिटायर झाल्यावर लॅपटॉपसमोर बसून गावच्या गोष्टी रेकॉर्ड करायला लागले. खाडीतले मासे, भाताची लावणी, लग्न झाल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुंबईला यायला निघाल्या तेव्हा एसटीत किती रडल्या… सगळं. आम्हाला ऐकायला वेळ कुठे होता? म्हणून मशीनला सांगायचे. गेल्या वर्षी अप्पा गेले. शेवटी दवाखान्यात एकेक शब्द ओढून बोलायचे.

आणि एक दिवस आई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "सुजाता, ह्यांचा चेहरा दिसतो गो मला. पण आवाज आठवत नाय. असं कसं झालं?"

अप्पांचा फोन केव्हाच भंगारात गेला होता. त्यांचा आवाज उरला होता तो फक्त त्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये. आणि लॅपटॉपची अवस्था अशी, की फोल्डरवर क्लिक केलं की विंडोज हँग. बॅटरी तर कित्येक वर्षांपूर्वी मेलेली; चार्जर लावलेला असेल तरच चालणार. ऑफिसातला आयटीवाला म्हणाला, "विंडोज राहू दे, त्याच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाक. जुनी मशीन पळते त्याच्यावर."

मग काय, मी अतिशहाणी. एक व्हिडिओ बघितला आणि बसले. इन्स्टॉल झकास झालं. रीस्टार्ट केलं तर मेनूमध्ये एकटं लिनक्स — विंडोज गायब. इंटरनेटवरच्या एका फोरमवर विचारून कमांड मारली, तेव्हा विंडोजचं नाव यादीत आलं, पण निवडलं की काळी स्क्रीन. लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडायला गेले, तर उत्तर आलं की विंडोज नीट बंद झालेलं नाही, ड्राइव्ह उघडता येणार नाही.

नीट बंद कसं होणार? आमच्या घरात कॉम्प्युटर भिंतीवरून बंद व्हायचा. अप्पांची कारखान्याची शिस्त — खुर्चीवरून माणूस उठला की बोर्डाचं बटण बंद. ते खुर्ची मागे सरकवायचे आणि आई बटण दाबायच्या. वर्षानुवर्षं दोघांचं हे काम वाटून घेतलेलं. त्यांच्या संसारात भांडण कशावरूनही होईल, पण ह्यावरून कधी झालं नाही.

फोरमवरच्या एका भल्या माणसाने सांगितलं, ड्राइव्ह नुसता वाचण्यापुरता उघडा, त्यावर काही लिहू नका, पेनड्राइव्हवर कॉपी काढा. मी डिस्कच्या कट-कट आवाजाबद्दल लिहिलं, तर म्हणाला, "ती शेवटच्या घटका मोजतेय. कॉपी होईपर्यंत करंट जाऊ देऊ नका. एकदा बंद पडली तर परत फिरेल असं वाटत नाही."

कॉपी सुरू केली. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. मी हलले नाही, जेवलेसुद्धा तिथेच. इतक्यात बेल वाजली. इस्त्रीवाला. कपडे घेतले, परत आले, तर आई बोर्डापाशी उभ्या. बटण बंद.

"आई, काय केलंत हे?"

"तू उठलीस ना," त्या म्हणाल्या.

त्यांच्यावर ओरडणार होते मी, खरं सांगते. तोंडात शब्द आले होते. तेवढ्यात स्क्रीनकडे लक्ष गेलं. ती चालू होती. पट्टी सरकत होती. चार्जरचा दिवा विझलेला, त्याच बोर्डावरचा वायफायचा डबाही विझलेला… आणि डिस्क आपली कट-कट करत फिरतेय.

बटण चालू करायला हात पुढे केला आणि तसाच आखडला. जे चाललंय त्याला धक्का लावायची भीती वाटली. आईंना माझ्या तोंडावरूनच काय ते कळलं. त्या रिकाम्या खुर्चीमागे गेल्या, तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "थांबा हां जरा. पोरीचं होतंय अजून."

माझ्याशी बोलत नव्हत्या त्या.

पट्टी शेवटपर्यंत गेली. मी पेनड्राइव्ह नीट बाहेर काढला, मुठीत घट्ट धरला. मग स्क्रीन गेली. नंतर बटण लावलं, चार्जरचा दिवाही लागला, पण डिस्क परत फिरली नाही ती नाहीच.

वाशीच्या रिपेअरवाल्याने बॅटरी तपासली. "मॅडम, ही कधीच गेलीय. दोन सेकंद पण धरणार नाही." नवरा म्हणाला की आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो थोडा… आणि मग स्वतःच म्हणाला, "पण एवढा वेळ नाही राहत." तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, मी मनापासून वाचेन. फक्त आईंसमोर बोलू नका.

त्या रविवारी संध्याकाळीच आम्ही फोनवर पहिली फाइल लावली. अप्पा सुटलेच — खाडीत जाळं टाकलं, काठच्या तिवरांच्या झाडांत अडकलं, कुणाची कशी फजिती झाली. मध्येच स्वतःच हसत होते. आई फोन कानाला लावून बसल्या होत्या, डोळ्यांतून धारा. मग म्हणाल्या, "एवढे भरभर बोलायचे गो हे? मी दवाखान्यातलाच आवाज शोधीत बसले होते."

आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "परत लाव."