घरात रेल्वे, बाज बाहेर

भिलाईत आमच्या घरी पलंगाआधी रेल्वे आली.

कारखाना तेव्हा अर्धा उभा होता आणि अर्धा चिखलात. सातवीतच शाळेला रामराम ठोकून मी साकोलीकडून इथे आलो आणि प्लांटच्या यार्डात रूळ जोडणाऱ्या गँगमध्ये लागलो. शिवाय एका खोलीचं क्वार्टर मिळालं! नळ, दिवा, कडीचं दार! एवढं सुख आपल्याला कोणीतरी चुकून दिलंय आणि चूक कळली की परत मागतील, या धास्तीनं मी भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता.

बायको, म्हणजे सुमन, अजून माहेरीच होती. सासऱ्यांची (आम्ही त्यांना मामाजी म्हणतो) एकच अट: "आधी घर डोळ्यानं पाहीन, मंगच पोरीले ठेवीन." जावई भिलाईत नुसती माती वाहून राहिला, असं गावात कोणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. आता प्लांटच्या फाटकातून त्यांना आत कोण सोडणार? माझं रुळांचं काम त्यांना दाखवू तरी कसं?

उपाय आपणहून चालत आला. प्लांट उभारायला आलेला एक रशियन साहेब मायदेशी निघाला होता. मी त्याचं सामान गाडीत चढवून दिलं, म्हणून खूश होऊन त्यानं चावीची आगगाडी माझ्या हातात ठेवली. इंजिन, डबे आणि खोकंभर रूळ! ठरलं. मामाजींना अख्खा प्लांट खोलीतच दाखवायचा!

शेजारचे वानखडेबाबू ड्रॉइंग ऑफिसात नकाशे उतरवायचे. त्यांना मी सहज विचारलं, "बाबूजी, हे रूळ कसे मांडू?"

"मांडू? अरे, आधी लेआउट लागते बाप्पा! तुह्या मनानं मांडाले हा का लाकडी बैलांचा, पोराईचा तान्हा पोळा आहे?"

संध्याकाळी ते भिंतीएवढा नकाशा घेऊन आले. पालथा रांजण म्हणजे भट्टी, पाटा म्हणजे मालधक्का, आणि साऱ्या खोलीतून फिरणारा रूळ. (सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला कागदावर सरळ रेघ दिसली, की ती देवानंच आखलीय असं वाटतं.) तरी मी भीत भीत विचारलं, "पण बाबूजी, पलंग?"

"पलंग नकाशात आहे का?"

"नाही."

"मंग!"

पलंग घ्यायचा बेत तिथेच बारगळला. रुळाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडणं भाग होतं, त्यामुळे माझी जुनी बाज बाहेर ओट्यावर गेली. पाठोपाठ मीही गेलो. मग बाबूंना फाउंडेशनची आठवण झाली. पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारातून सिमेंट आणून आम्ही चबुतरे बांधले आणि रूळ त्यांत कायमचे पक्के केले. फक्त दारासमोरचा तुकडा उचलता येईल असा ठेवला, कारण दार आत उघडत होतं. साऱ्या खोलीत एकच कोपरा रिकामा उरला, म्हणून मी तिथे माझी पेटी ठेवली.

"उचल बे!" बाबू किंचाळले. "ते पुढच्या विस्तारासाठी राखीव आहे!"

"कोणता विस्तार?"

"ते वरून ठरते!"

पेटीही ओट्यावर गेली.

मामाजी सुमनला घेऊन येणार त्या दिवशी आम्ही पहिली गाडी सोडली. ती रांजणाला वळसा घालते न घालते, तोच दार वाजलं.

"जवाईबापू, आम्ही आलो!"

मी रूळ उचलायला वाकलो. बाबूंनी माझा हात धरला. "गाडी चालू असताना रूळ उचलतो? यार्डात असंच करतो काय?"

"मामाजी, जराकसं थांबा! लाइन क्लिअर नाही!"

बाहेरून आवाज आला: "डोक्यावर तांदुळाचं पोतं आहे ना, बापू! दार कावून उघडत नाही?"

"चावी संपली की उघडतो!"

चावी संपायच्या आत मामाजींचा धीर संपला. त्यांनी खांद्यानं दार ढकललं. रूळ उडाला, इंजिन रुळावरून सुटून थेट उंबऱ्यात गेलं आणि मामाजींच्या धोतराचा सोगा चाकांत गुंडाळून घेत गुडघ्याकडे चढू लागलं! पोतं थेट पाट्यावर आपटलं. मालधक्क्यावर खराखुरा तांदूळ पोचला! (बाबूंनी हे समाधानानं पाहिलं.)

इंजिन सोडवून, धोतर सावरून मामाजींनी खोली पाहिली.

"माही पोरगी झोपंन कुठं?"

मी राखीव कोपऱ्याकडे बोट केलं. बाबू खाकरले. मी बोट खाली घेतलं.

"गावात लोक म्हणत होते, जावई माती वाहतो," मामाजी म्हणाले. "माती वाहनं बरं होतं, बापू. चाल सुमन, पाचची गाडी आहे."

एवढ्या लांब एकट्यानं दिवस काढले ते हिच्याच आशेवर, आणि ही आता वळून निघणार! सुमननं एकदा चबुतरे पाहिले, एकदा ओट्यावरची बाज पाहिली आणि आपली ट्रंक सरळ नेऊन त्या राखीव कोपऱ्यात आदळली.

"बाबा, मी इथंच राहते. याईले एकटं सोडलं त मोरीतही टेसन बांधतीन!"

बाबूंनी तोंड उघडलं. सुमननं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाबूंनी नकाशाची गुंडाळी केली. मग तिनं माझ्या हातात लोखंडी सब्बल दिली, आणि माझे चबुतरे मीच फोडले.

माझी कर्तबगारी पाहून सुमन भिलाईत राहिली, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे ती माझ्यावर पहारा द्यायला राहिली. प्लांटात पहारेकऱ्याची पाळी तरी बदलते!