सैल पाचर

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. घरात पेडगावच्या शेताचा विषय निघाला की विहिरीतला गाळ कसा उपसला ते मी रंगवून सांगतो आणि तिथंच थांबतो. "आजोबांनी पडीक रान उभं केलं," असं नातवंडं लोकांना सांगतात. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. ते रान माझ्या थोरल्या बहिणीनं उभं केलं, अक्कानं. आणि मी तिला तिथून घालवलं.

वडील सेलूच्या बाजारात कापसाचे मापाडी होते. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. डोळे अधू झाले, तराजूचा काटा दिसेना, तसं त्यांचं काम सुटलं. होतं नव्हतं ते घालून त्यांनी पेडगावच्या शिवारात जमिनीचा एक तुकडा घेतला. पटवाऱ्यानं उर्दू कागद वाचून दाखवला त्यात विहीर होती, गुरांचा कोठा होता. जाऊन बघतो तर विहिरीत बाभूळ वाढलेली, कोठ्याच्या कुडातून शेळी आरपार जावी आणि सगळ्या रानात हराळी. माय उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "ह्याला रान म्हणायचं का मसणवटा?"

मी बावीस वर्षांचा होतो, नुकतं लग्न झालेलं. वडील मला म्हणाले होते, "आता हे तुझं." त्या शब्दावर मी चार दिवस जिवाच्या करारानं नांगर धरला. पाचव्या दिवशी बांधापलीकडचा शेजारी ओरडला, "मापाडी, तुमच्या लेकानं हराळी पेरली की वो!" मला काही कळेना.

त्याच आठवड्यात वडिलांनी अक्काला पेरणीपुरतं म्हणून सासरहून आणलं. तिचा नवरा दोन वर्षांमागं गेला होता. मानवतकडच्या सासरी दीर-जावांच्या हाताखाली शेण आणि दळण एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं. पण नवरा असताना तिनं बारा वर्षं शेती केली होती. आल्या आल्या रानात फिरली, एक ढेकूळ फोडलं आणि मला म्हणाली, "नांगरानं हराळी मरत न्हाई रे. तुटती अन् एकीच्या धा व्हत्यात. आधी खणून मुळ्या येचायच्या."

आम्ही दोन महिने मुळ्या वेचल्या. तिनं शेजाऱ्याकडून दोर मागून आणला, विहिरीत स्वतः उतरली. कोठा शाकारला. बैल मला शिंगं दाखवायचे आणि तिनं नुसता "च्यक्" आवाज केला की मान पुढं करायचे. वडील प्रत्येक गोष्टीत म्हणायचे, "अक्काला इचार." माय दुधावरची साय तिच्या भाकरीवर घालायची. एकदा माझी बायको म्हणाली, "वन्सं नसत्या तर आपण उपाशी मेलो असतो." ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. त्यानंतर मी दोन दिवस बायकोशी बोललो नाही. अक्का हसली की मला वाटायचं मलाच हसतेय. तिच्या हाताला फोड आले तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

रब्बीच्या ज्वारीची पेरणी आली. तिफणीला तीन फण असतात आणि वर एक लाकडी वाटी, तिला चाडं म्हणतात. चाड्यावर मूठ धरणारानं चालता चालता फणांकडं उतरणाऱ्या तिन्ही नळ्यांत सारखा दाणा सोडायचा. हात एका अंगाला कलला की एक ओळ उपाशी राहते. वडिलांनी मूठ अक्काला दिली. शेजाऱ्याची आई बांधावर येऊन म्हणाली, "रांडमुंड बाईचा हात बियाला लावता व्हय? गावात रीत न्हाई." वडील म्हणाले, "ज्वारीला काय कपाळ दिसतंय, मावशी?"

मग सगळ्यांच्या समोर त्यांनी सांगून टाकलं, "ही ज्वारी उगवू द्या. दिराला निरोप धाडतो, अक्का आता येत न्हाई. रानाचा कारभार तिच्याकडं."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. मी बैलांकडं बघत राहिलो.

तिफण जोडायचं काम माझं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका कडेच्या फणाची पाचर सैल केली आणि फण दोन बोटं वर सरकवला. वरची माती सुकली होती, ओल खाली होती. त्या फणाचा दाणा कोरड्या मातीतच पडणार आणि वरून मातीही पडणार, म्हणजे कुणाला दिसणार नाही. एवढं शेतीतलं मला तोवर कळायला लागलं होतं. तिनंच शिकवलं होतं.

तिसऱ्या फेऱ्याला अक्का म्हणाली, "तिफण एका अंगाला उचलायली का रे?"

"न्हाई गं. ढेकळं लागायलीत."

तिनं पुन्हा चाड्यावर मूठ धरली.

तिफण जाताना एका अंगाला आणि येताना दुसऱ्या, म्हणून आठ दिवसांनी चार ओळी हिरव्या आणि दोन कोऱ्या, पुन्हा चार हिरव्या आणि दोन कोऱ्या, असं सगळं रान दिसू लागलं. शेजाऱ्याची आई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अक्का कोऱ्या ओळीत बसली, बोटानं माती उकरली. दाणा तिथंच होता, कोरडा, जसा पडला तसा. तो मुठीत घेऊन ती कोठ्याकडं आली. मी बैलाच्या खांद्याला तेल लावत होतो. तिनं भिंतीला टेकलेल्या तिफणीचा फण हलवून पाहिला.

"पाचर सैल हाय."

"पेरताना झाली असंल."

"असंल," ती म्हणाली.

जेवताना वडिलांनी विचारलं, "अक्का, हात चुकला का गं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी भाकरी मोडत होतो. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी बोलावं म्हणून ती थांबली, हे मला तेव्हाच कळलं होतं.

"चुकला असंल, दादा," ती शेवटी वडिलांना म्हणाली.

पुढचे चार दिवस ती कोऱ्या ओळींत एक एक दाणा टोबत होती. ओल खाली गेली होती, थोडंच उगवलं. वडिलांनी दिराला निरोप धाडला नाही, तसा पंधरा दिवसांनी तोच गाडी घेऊन आला. वडिलांनी तिला राहा म्हटलं नाही. गाडीत चढताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "तांबड्या बैलाचा खांदा सुजलाय, त्याला डावीकडं जुंपू देऊ नको."

कारभार माझ्याकडं आला. पुढं रान चांगलं पिकलं. तिनं सांगितलेलं तेवढं करत गेलो, एवढंच.

पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं झाल्यावर मी एकदा ज्वारीचं पोतं घेऊन तिच्याकडं गेलो. मनात सगळं ठरवून गेलो होतो. ती अंगणात गोवऱ्या थापत होती. हात शेणाचे, म्हणून मनगटानं कपाळावरचे केस सारले आणि म्हणाली, "लय म्हातारा दिसायलास की रे." मग पीकपाण्याचं विचारलं. मी उठलो तेव्हा हळूच म्हणाली, "पेरणीला पाचर नीट ठोकतोस न्हवं?"

मला बोलता यावं म्हणून तिनं दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "व्हय, ठोकतो." आणि स्टेशनाची वाट धरली.

त्यानंतर तिच्या मातीलाच गेलो. तिथं माणसं होती, दीर होता, बोलता आलं नाही. खरं तर माणसं नसती तरी बोललो नसतो.

अक्का, हात तुझा चुकला नव्हता. पाचर मी सैल केली होती. मला माफ कर.